जागच्या जागी सायकल, पण माप खरे हवे

व्यापारी घरातला दिवस दुकानाच्या वेळेशी बांधलेला असतो. सकाळी शटर वर जाते आणि रात्री हिशेब जुळेपर्यंत गल्ला सुटत नाही. उभे राहणे होते, बोलणे होते, डोके अखंड चालते; पण हृदयाला आणि फुप्फुसांना जो श्रम हवा असतो, तो मात्र घडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम श्रमाची खूण सोपी आहे : त्या श्रमात माणसाला बोलता येते, पण गाता येत नाही. दररोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढाच हा किमान हिशेब. तरीही अनेक घरांत तो जमत नाही.

त्याची कारणेही खोटी नाहीत. पावसाळ्याचे चार महिने रस्ते निसरडे असतात. शहरातील वाहतुकीत सायकल घालणे जिवावर बेतू शकते. पहाटे काळोख असतो आणि दुकान बंद होईपर्यंत रात्र झालेली असते. दरम्यान, मुलासाठी हौसेने घेतलेली गिअरची सायकल गॅलरीत धूळ खात उभी असते. याच सायकलीचे मागचे चाक एका लोखंडी चौकटीत बसवून ती घरातच चालवता येते. त्या चौकटीला ट्रेनर म्हणतात. त्याला संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील आभासी रस्त्यांची जोड मिळाल्याने हा एकसुरी व्यायाम आता जगभर आवडीचा झाला आहे.

चौकशी करू लागले, की बहुधा पहिला सल्ला महागड्या ‘स्मार्ट’ ट्रेनरचा मिळतो. त्याची किंमत ऐकून अनेक जण तेथेच थांबतात. वास्तविक साध्या ट्रेनरवरही हा व्यायाम उत्तम होतो. अट एकच : पडद्यावरचा आकडा कोठून येतो हे नीट समजून घ्यावे आणि माप रोज एकसारखे ठेवावे. तागडीशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, त्यांना ही अट अवघड वाटू नये.

कंटाळ्यातून निघालेली वाट

घरात सायकल चालवण्यात कष्टापेक्षा कंटाळा मोठा असतो. समोर भिंत आणि कानांत चाकाची घरघर. अशा वेळी दहा मिनिटेही तासासारखी वाटतात. अमेरिकेतील सिएटलच्या रेसरमेट कंपनीने १९८० च्या दशकातच ‘कॉम्प्युट्रेनर’ नावाचे यंत्र आणून सायकलीला पडद्याशी जोडले होते. परंतु ते प्रामुख्याने खेळाडू आणि व्यायामशाळा यांच्यापुरते राहिले.

कॅलिफोर्नियातील जॉन मेफील्ड या प्रोग्रॅमरने आपल्या ट्रेनरवरचा कंटाळा घालवण्यासाठी त्रिमितीय रस्त्यांचा एक कार्यक्रम स्वतःच लिहिला. लंडनमध्ये राहणारे उद्योजक एरिक मिन यांच्या नजरेस तो पडला आणि या दोघांनी आणखी काही सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये ‘झ्विफ्ट’ सुरू केले. पायडल मारणाऱ्याची प्रतिमा पडद्यावरील रस्त्यावर धावते, शेजारून जगातील इतर सायकलस्वारांच्या प्रतिमा जातात, आणि जितका जोर पायांत तितका वेग पडद्यावर दिसतो, ही त्यामागील साधी कल्पना होती.

हा केवळ खेळ नाही, हे दोनच वर्षांत दिसून आले. ऑस्ट्रेलियाचे सायकलपटू मॅथ्यू हेमन यांचा हात २०१६ च्या फेब्रुवारीअखेरीस बेल्जियममधील एका शर्यतीत मोडला. रस्त्यावर जाणे बंद झाले. तेव्हा त्यांनी घरातील ट्रेनरवर, झ्विफ्टच्या आभासी रस्त्यांवर सराव चालू ठेवला. अवघ्या सहा आठवड्यांनी, १० एप्रिल २०१६ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांनी पॅरिस-रूबे ही अत्यंत खडतर शर्यत जिंकली. पुढे २०२० मध्ये महामारीमुळे मैदाने ओस पडली, तेव्हा ‘टूर द फ्रान्स’ची आभासी आवृत्ती याच पडद्यावर झाली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने पहिली आभासी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. पुरुषांत जर्मनीचे जेसन ऑस्बोर्न आणि महिलांत दक्षिण आफ्रिकेच्या ॲशली मूलमन-पासिओ विजयी झाल्या. ऑस्बोर्न हे मूळचे नौकानयनपटू. पाण्यावर घडलेली ताकद ट्रेनरवरही खरी उतरली.

साधा ट्रेनर आणि स्मार्ट ट्रेनर

स्मार्ट ट्रेनरमध्ये पायांची शक्ती यंत्रच मोजते अथवा बऱ्याच बारकाईने काढते. शिवाय पडद्यावर चढ आला की ते आपोआप जड होते आणि उतार आला की हलके होते. साध्या ट्रेनरमध्ये यांपैकी काहीही नसते. सायकलीचे मागचे चाक एका गुळगुळीत रोलरवर टेकते. रोलरला जोडलेल्या भागात पंखा, चुंबक किंवा दाट द्रव यांपैकी एकाच्या साहाय्याने रोध निर्माण केलेला असतो. पंख्याचा ट्रेनर फार आवाज करतो. चुंबकाच्या ट्रेनरला रोध कमी-जास्त करण्याची कळ असते. द्रवाचा ट्रेनर बराच शांत असतो आणि वेग वाढेल तसा तो आपोआप जड होत जातो. त्यामुळे रस्त्यावरील सायकलीचा अनुभव त्यात अधिक येतो.

अशा ट्रेनरला ॲपशी जोडायचे तर एक छोटे साधन लागते : वेग मोजणारा सेन्सर. तो मागच्या चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबवर बसवतात. तो मागेच हवा, कारण ट्रेनरवर पुढचे चाक फिरतच नाही. पायडलच्या दांड्यावर दुसरा सेन्सर लावला, तर मिनिटाला पायडलचे किती फेरे होतात तेही कळते. तो असल्यास चांगले. नसल्यास अडत नाही.

वेगावरून शक्ती कशी कळते?

शक्ती वॅटमध्ये मोजतात. साधा ट्रेनर वॅट मोजत नाही, तरीही पडद्यावर वॅटचा आकडा झळकतो. त्यामागे जादू नसून गणित आहे. प्रत्येक बनावटीच्या ट्रेनरला ठरावीक वेगाने चाक फिरवण्यास किती शक्ती लागते, हे प्रयोगशाळेत मोजता येते. त्यावरून वेग आणि शक्ती यांचा एक तक्ता तयार होतो. ॲप सेन्सरकडून वेग घेते, तक्त्यात पाहते आणि त्या वेगासमोरचे वॅट दाखवते.

अमेरिकेतील कर्ट कंपनीच्या ‘कायनेटिक’ या प्रसिद्ध द्रव-ट्रेनरचे सूत्र कंपनीने उघड केलेले आहे. त्यानुसार ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर वेगाला साधारण १४५ वॅट लागतात. वेग ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर झाला, की तोच आकडा सुमारे २६२ वर जातो. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि शक्ती मात्र ऐंशी टक्क्यांनी!

या उदाहरणात साध्या ट्रेनरचे बळ आहे आणि दुबळेपणाही. बळ असे, की थोडा जोर वाढवला तरी आकड्यात फरक स्पष्ट दिसतो. दुबळेपणा असा, की वेगातील लहानशी चूक वॅटमध्ये मोठी होऊन येते. ७०० × २५ मापाच्या टायरचा घेर सुमारे २१०५ मिलिमीटर असतो. २६ इंची, दोन इंच रुंद टायरचा सुमारे २०५५. सायकल दुसऱ्या प्रकारची असून ॲपमध्ये पहिले माप नोंदवले, तर वेगात जेमतेम अडीच टक्क्यांची चूक होते. पण वरच्या सूत्राने ३२ किलोमीटरच्या वेगाला वॅटमध्ये ती पाच टक्क्यांवर जाते. म्हणूनच टायरवर छापलेले माप पाहून तेच नोंदवावे आणि यादीतून आपल्याच बनावटीचा ट्रेनर निवडावा. चुंबकाच्या ट्रेनरवर कळ कोणत्या क्रमांकावर ठेवावी, हेही ॲप सांगते. ती त्याच क्रमांकावर राहू द्यावी. कळ मध्येच हलवली, तर पाय जड झाले तरी ॲपला त्याचा पत्ता लागत नाही.

काटा रोज शून्यावर आणावा

दुकानातील तराजू कितीही चांगला असला, तरी सकाळी काटा शून्यावर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय जाणता व्यापारी पहिले गिऱ्हाईक घेत नाही. वैधमापनशास्त्र विभागाची मोहर असली तरी रोजचा पासंग त्यालाच पाहावा लागतो. साध्या ट्रेनरचेही तसेच आहे. तक्ता प्रयोगशाळेत बनला. घरातील परिस्थिती त्याच्याशी जुळती ठेवण्याचे काम वापरणाऱ्याचे.

त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली टायरमधील हवा. टायरवर छापलेल्या मर्यादेत एक दाब ठरवावा आणि प्रत्येक वेळी दाबमापक असलेल्या पंपाने तेवढाच भरावा. हवा कमी असेल तर टायर रोलरवर अधिक चेपतो, पायांना जास्त जोर लागतो आणि त्या मानाने पडद्यावर वॅट कमी दिसतात.

दुसरी गोष्ट रोलरचा दाब. रोलर टायरला नुसता टेकला, की तेथून मागचा स्क्रू किती फेरे आवळायचा हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढेच फेरे रोज मोजून द्यावेत. स्क्रू सैल राहिला, तर जोर लावताच टायर रोलरवर घसरतो, चाक फुकटचे पळते आणि पडद्यावर खोटे वॅट वाढतात. असा आकडा पाहून सुखावणे म्हणजे काट्याखाली बोट लावून माल मोजण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट तापमान. सुरुवातीला टायर आणि ट्रेनरमधील द्रव दोन्ही थंड असतात. ते तापले, की रोध बदलतो. म्हणून पहिली दहा मिनिटे संथपणे पायडल मारून यंत्र आणि शरीर दोन्ही तयार होऊ द्यावीत. त्यानंतरचेच आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे असतात.

एवढे करूनही साध्या ट्रेनरचा आकडा अचूक असेलच असे नाही. खरे १२० वॅट असताना तो १३० दाखवील किंवा ११०. परंतु हवा, दाब आणि तापमान रोज एकसारखे असेल, तर चूकही जवळपास रोज तेवढीच राहते. त्यामुळे आजचा आकडा गेल्या महिन्याच्या आकड्याशी निर्धास्तपणे ताडता येतो. शेजाऱ्याच्या आकड्याशी मात्र नाही. आरोग्यासाठी सायकल चालवणाऱ्याला बहुतेक वेळा पहिलीच तुलना हवी असते.

चढ पडद्यावर असतो, पायांखाली नाही

साध्या ट्रेनरवर प्रथम बसणाऱ्याचा एका गोष्टीने हमखास गोंधळ होतो. पडद्यावर डोंगर येतो, प्रतिमेचा वेग एकदम घटतो. पण पायांना काहीच जड लागत नाही. यंत्र बिघडलेले नसते. ॲप वॅट, सायकलस्वाराचे वजन आणि रस्त्याचा चढ यांवरून प्रतिमेचा वेग काढते. १४५ वॅटवर सपाटीवर प्रतिमा वेगाने धावते आणि त्याच १४५ वॅटवर चढावर ती रांगते. पायांखालचा ट्रेनर दोन्ही वेळी तसाच राहतो. चढावर वेग हवा असेल, तर स्वतःच गिअर जड करावा किंवा पायांची गती वाढवावी. उतारावरही तसेच : पडद्यावरची सायकल आपोआप पळते, म्हणून पाय अगदी थांबवू नयेत, हलका गिअर घेऊन ते फिरते ठेवावेत.

झ्विफ्टवर फ्रान्समधील आल्प द्युएझ या घाटाची नक्कल केलेला एक चढ आहे. २१ वळणे, सुमारे १२.२ किलोमीटर लांबी आणि १०३६ मीटर उंची. ७५ किलो वजनाचा माणूस ९ किलोच्या सायकलीवर १४५ वॅटने तो चढू लागला, तर गणिताने सुमारे पावणेदोन तास लागतील. साध्या ट्रेनरवर या पावणेदोन तासांत पायांना डोंगर लागणार नाही. पण श्रम मात्र तेवढाच घडेल. शरीराच्या खात्यात जमा होते ते काम; चढाचा भास त्यात धरला जात नाही.

गिअर नसलेल्या साध्या सायकलीवरही हा व्यायाम होतो. फक्त श्रम वाढवण्याचा मार्ग पायांची गती हा एकच उरतो. अशा अनेक सायकलींच्या मागच्या एक्सलला नट असतात. ते ट्रेनरच्या चिमट्यात नीट पकडले जात नसतील, तर त्यासाठी वेगळे नट मिळतात. पकड घट्ट आहे याची खात्री झाल्याशिवाय कोणीही बसू नये.

वजनातली खोट

आभासी रस्त्यावर प्रत्येकाने आपले वजन स्वतःच नोंदवायचे असते. येथेच मोह होतो. वरच्याच उदाहरणात ७५ किलोच्या माणसाने ६५ किलो लिहिले, तर तोच घाट तेवढ्याच वॅटवर तो सुमारे बारा मिनिटे लवकर चढेल. पाय तेवढेच दमले, घाम तेवढाच आला. फक्त कागदावर दहा किलो उतरले. या बारा मिनिटांचा उपयोग कोणालाच नाही. तोटा मात्र आहे : पुढे खरोखर वजन घटले, तरी त्याचा लाभ ओळखू येत नाही, कारण मूळ नोंदच खोटी असते.

स्पर्धेच्या जगाने हा धडा महागात शिकला. ब्रिटनच्या २०१९ च्या पहिल्या राष्ट्रीय आभासी शर्यतीतील विजेत्याने एक वेगवान आभासी सायकल स्वतःच्या श्रमाने न मिळवता, स्वयंचलित प्रोग्रॅमकडून किलोमीटर भरून मिळवल्याचे उघड झाले. त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले, २५० पौंड दंड झाला आणि सहा महिन्यांची बंदी आली. २०२० च्या जागतिक स्पर्धेत सर्व स्पर्धकांना एकाच बनावटीचे ट्रेनर पुरवण्यात आले, ते माप एक राहावे म्हणूनच. अंदाजी वॅट अनेक शर्यतींच्या निकालात धरले जात नाहीत, याचे कारणही हेच. साधा ट्रेनर वापरणाऱ्याने याचे वाईट वाटून घेऊ नये. सामुदायिक सफरींत तो आनंदाने सामील होऊ शकतो. फक्त क्रमवारीच्या मागे लागू नये.

कोणते ॲप घ्यावे?

झ्विफ्ट वेगाच्या सेन्सरवर चालते आणि त्यात अनेक जुन्या ट्रेनरचे तक्ते आहेत. त्याचे शुल्क अमेरिकेत २०२४ मध्ये वाढून दरमहा १९.९९ डॉलर झाले, तेव्हा वापराचा अंदाज बांधूनच नोंदणी करावी. २०११ पासून चालू असलेल्या ‘ट्रेनररोड’मध्ये आभासी जग नाही; पडद्यावर केवळ आलेख असतो आणि त्यानुसार सराव करायचा असतो. शिस्तीची आवड असलेल्यांना ते रुचते, आणि साध्या ट्रेनरसाठी वेगावरून वॅट काढण्याची सोय त्यातही आहे. चेक प्रजासत्ताकातील ‘रूव्ही’ खऱ्या रस्त्यांच्या चित्रफिती दाखवते. अबू धाबीचे ‘मायवूश’ विनाशुल्क आहे. २०२४ ची जागतिक आभासी स्पर्धा त्यावरच झाली. पैसे भरण्यापूर्वी, आणि फुकट असले तरी वेळ घालवण्यापूर्वी, आपला ट्रेनर व केवळ वेगाचा सेन्सर त्या ॲपला चालतो का, हे त्याच्या यादीत पाहून घ्यावे. व्यवहारात वस्तू पाहून पैसे मोजण्याची जी सवय असते, ती येथेही सोडू नये.

सेन्सर जोडताना होणारी एक चूक फार सार्वत्रिक आहे. तो मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत जाऊन जोडू नये. ॲपच्या आतूनच शोधावा. ब्लूटूथवर बरेच सेन्सर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात. मुलाच्या मोबाइलने सेन्सर आधीच धरून ठेवला असेल, तर वडिलांच्या टॅबला तो सापडत नाही. तसेच वेग आणि पायडल या दोन्हींसाठी वापरता येणारे काही स्वस्त सेन्सर एका वेळी एकच काम करतात. विकत घेताना ते वेगासाठी लावलेले आहे ना, हे तपासावे.

घर, शेजार आणि कुटुंब

सायकलीचा टायर खाचांचा असेल तर रोलरवर त्याचा मोठा आवाज होतो आणि तो लवकर झिजतो. गुळगुळीत टायर बसवला, की आवाज निम्म्याहून कमी वाटतो. खाली जाड रबरी चटई घातल्यास खालच्या मजल्यावर कंप जात नाही. पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून सायकल समतल करावी. पायडल मारताना स्वार पुढे झुकलेला वाटत असेल, तर हा ठोकळाच राहिलेला असतो.

पंखा ही चैनीची वस्तू नसून गरज आहे. शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी सुमारे चौथा भागच पायडलपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होते. १०० वॅट काढणारा माणूस साधारण ३०० वॅटची उष्णता अंगातून बाहेर टाकत असतो. रस्त्यावर ती वारा घेऊन जातो. बंद खोलीत ती अंगातच साठते, नाडी वाढते आणि दमणूक लवकर येते. पंखा समोरून लागावा, पाण्याची बाटली हाताशी असावी आणि हँडलवर पंचा टाकावा, म्हणजे घामाने सायकल गंजत नाही.

याच गणितातून आणखी एक सोपा ठोकताळा मिळतो. पायडलवर केलेले काम किलोज्युलमध्ये जेवढे, तेवढ्याच जवळपास किलोकॅलरी शरीराने खर्च केलेल्या असतात. १०० वॅटने अर्धा तास म्हणजे १८० किलोज्युल, म्हणजेच सुमारे १८० किलोकॅलरी. हा आकडा लहान वाटेल, आणि तो लहानच आहे. सायकलवर बसलो म्हणून ताटातली मिठाई वाढवावी, असा हिशेब त्यातून निघत नाही. या व्यायामाचा मोठा लाभ हृदयाला, रक्तदाबाला, रक्तशर्करेला आणि झोपेला होतो.

एकाच सायकलवर घरातील चौघे बसणार असतील, तर प्रत्येकाची वेगळी नोंदणी आणि वेगळे वजन हवे. सीटची उंचीही प्रत्येकाची वेगळी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवून गुडघा सरळ होतो, ती साधारण योग्य उंची. सीटच्या दांड्यावर प्रत्येकासाठी रंगीत चिकटपट्टीची खूण केली, की रोज मोजावे लागत नाही. फिरते चाक, साखळी आणि रोलर यांपासून लहान मुलांना दूर ठेवावे. रोलरमागचा भाग वापरानंतर बराच वेळ भाजण्याइतका तापलेला असतो.

चाळिशीनंतर प्रथमच व्यायाम सुरू करणाऱ्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तातील साखर व्यायामाने एकाएकी उतरू शकते. त्यांनी जवळ साखर ठेवावी. छातीत दाब किंवा दुखणे, जबड्यात वा डाव्या हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम यांपैकी काही जाणवले, की पडद्यावरील शर्यत कोठे आली आहे ते न पाहता लगेच थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे. दुसऱ्या देशातील अनोळखी प्रतिमेला मागे टाकण्याच्या ईर्षेत शरीराची सूचना न ऐकणे, हाच या साधनाचा खरा धोका आहे.

रोजमेळ

साध्या ट्रेनरच्या अंदाजी आकड्याला एक साक्षीदार जोडता येतो : छातीला बांधायचा नाडीमापक पट्टा. वॅट हे यंत्राचे म्हणणे, नाडी हे शरीराचे. दोन्ही मिळून जे सांगतात, त्यावर भरवसा ठेवता येतो. वॅट नेहमीचेच असून नाडी फार चढली, तर खोली तापली आहे, झोप कमी झाली आहे, आजारपण येऊ घातले आहे किंवा टायरमधील हवा उतरली आहे. कारण शोधावे आणि त्या दिवशी जोर करू नये.

यासाठी एक लहानशी वही पुरे. तारीख, टायरचा दाब, स्क्रूचे फेरे, मिनिटे, सरासरी वॅट आणि सरासरी नाडी, एवढे सहा रकाने आखावेत. पहिले दोन आठवडे अर्धा तास, बोलता येईल इतक्याच श्रमाने चालवावे. तिसऱ्या आठवड्यापासून मध्ये तीन-चार वेळा एकेक मिनिट जोर वाढवावा आणि तेवढाच वेळ संथ चालवावे. महिन्यातून एकदा ठरावीक दाबावर, ठरावीक वॅटवर वीस मिनिटे चालवून नाडी किती राहते ते लिहावे.

उदाहरणार्थ, पहिल्या महिन्यात १२० वॅटला नाडी १४५ होती आणि चौथ्या महिन्यात तेवढ्याच वॅटला, तेवढ्याच हवेवर ती १३६ आली, तर हृदय तेच काम कमी ठोक्यांत करू लागले आहे. ते १२० वॅट खरोखर १२० होते की ११२, याने या निष्कर्षात काही फरक पडत नाही. दोन्ही वेळी पासंग तोच होता, एवढे पुरेसे आहे. गॅलरीतली सायकल, एक साधी चौकट, एक सेन्सर आणि खरी ठेवलेली वही, एवढ्या भांडवलावर हा नफा मिळतो.